शिक्का शेवटी वाचायचा: जर्मन फ्रॉग ओळखण्याच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४, वुपर्टाल, जर्मनी

कपाटात साचत आलेल्या जर्मन संगिनींच्या फ्रॉगची आजपासून नीट यादी करायला घेतली. प्रत्येकाला क्रमांक, चारही बाजूंचे फोटो, मापं, चामडं, टाके, रिव्हेट, झीज, शिक्का आणि या सगळ्यावरून निघणारं साल. संगिनी या यादीत नाहीत. त्यांच्यावर लिहिणारे जगभर भरपूर आहेत. फ्रॉगकडे फारसं कुणी बघत नाही, म्हणूनच मला त्यात रस.

वही उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तर कळावं म्हणून थोडक्यात: फ्रॉग म्हणजे सैनिकाच्या कमरपट्ट्यात ओवायचा चामडी तुकडा. वरच्या घडीतून पट्टा जातो, खालच्या शिवलेल्या खिशात संगिनीचं म्यान उतरतं, आणि म्यानावरची लांबट गुंडी खिशाच्या भोकातून बाहेर येऊन अडकते. म्यान मग खालीही सरकत नाही आणि वरही. जेमतेम वीतभर लांबीची वस्तू. बहुतेक काळ्या, काही तपकिरी, मोजक्या कापडी.

संगीन कुठली, तर ८४/९८. जर्मन पायदळाच्या ९८ जातीच्या रायफलवर बसणारी, पातं साधारण २५ सेंटिमीटरचं. नावातला ८४ हा आकडा जुन्या ७१/८४ संगिनीचा. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, त्या जुन्या संगिनी दुरुस्त करून नव्या रायफलवर बसवल्या गेल्या आणि हे जोडनाव पडलं. मला ज्या काळाचे फ्रॉग बघायचे आहेत तो १९३४ ते १९४५. तेव्हाच्या संगिनी मुख्यतः सोलिंगनमध्ये घडल्या, म्हणजे आमच्या शेजारच्याच गावात. आयकहॉर्न, पॅक, होर्स्टर, कॉपेल ही तिथली नावं. फ्रॉग मात्र जर्मनीभर विखुरलेल्या खोगीर आणि पिशव्यांच्या कारखान्यांतून आले.

१४ जानेवारी

कामाचा क्रम ठरवला. फ्रॉग टेबलावर पालथा ठेवायचा नाही. शिक्का बहुधा पाठीवर असतो, म्हणून पाठ खाली. आधी चामडं, मग कड, मग टाके, मग रिव्हेट, मग झीज. या पाचांवरून साल लिहायचं, तेही शाईने. मगच उलटायचं.

कारण साधं आहे. या छंदात लोक वस्तू हातात आली की आधी तिची पाठ बघतात. तीन अक्षरं आणि दोन आकडे दिसले की डोळे बाकी काही बघायला तयार नसतात. शिक्का ही फ्रॉगवरची सगळ्यात सोपी नक्कल आहे. धातूचा ठसा एकदा करून घेतला की हजार तुकड्यांवर मारता येतो. शिवण, कड आणि झीज यांची नक्कल करायला वेळ लागतो, आणि नकली माल बनवणाऱ्याला वेळच परवडत नाही.

आईचा व्हिडिओ कॉल. टेबलावरची रांग बघून, "अरे, हे पट्टे कसले मांडून बसलायस? देवाच्या खोलीत नको हां ठेवूस ते." ठेवणार नाही.

३ फेब्रुवारी

रिव्हेट. खिशाची शिवण जिथे सुरू होते तिथे दोन्ही कडांना एकेक रिव्हेट ठोकलेलं असतं. म्यान आत-बाहेर होताना सगळा ताण त्याच जागी येतो आणि टाके तिथूनच उसवतात, म्हणून.

लोहचुंबक घेऊन बसलो. क्र. १ ते ४ ला चिकटत नाही: ॲल्युमिनियम, पांढुरकं, बोथट चमकेचं. क्र. ५ ला खटकन चिकटतो: पोलाद, वर काळ्या रंगाचे अवशेष. क्र. ९ चं तांब्याचं, भोवती हिरवा मेणासारखा थर.

ॲल्युमिनियम विमानांसाठी लागू लागलं तसं ते कमरपट्ट्याच्या बक्कलांमधून, डब्यांमधून आणि अशा बारीकसारीक जागांमधून कमी होत गेलं, त्याजागी पोलाद आलं. म्हणून ॲल्युमिनियम असेल तर माल जुना, म्हणजे युद्धाच्या आधीचा किंवा सुरुवातीचा, याकडे माझा कल. पण हा कलच. एखाद्या कारखान्याच्या कोपऱ्यात जुन्या रिव्हेटांचं पोतं शिल्लक असेल तर मालकाने ते १९४३ मध्येही वापरलं असेल. रिव्हेट एकटं साक्ष देत नाही.

१० फेब्रुवारी

पुढच्या गल्लीत एक निवृत्त खोगीरकार राहतात. सगळे त्यांना माइस्टर, म्हणजे उस्ताद, म्हणतात, मीही. क्र. २ आणि क्र. ७ घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फ्रॉग नाकाशी नेला आणि अंगठा कडेवरून फिरवला. शिक्का बघितलाच नाही. मला बरं वाटलं.

त्यांनी सांगितलेलं जसं आठवतं तसं: यंत्राची शिवण असली तरी टाक्यांची घनता कारखान्याची सवय सांगते. खोगीर शिवणाऱ्या जड यंत्राचा टाका खोल बसतो, दोऱ्याला मेण असतं, आणि जुन्या शिवणीत दोरा चामड्याच्या पातळीखाली रुतलेला दिसतो, कारण चामडं वर्षानुवर्षं दबून फुगतं. नव्या मालात दोरा चामड्याच्या वर उठून दिसतो. कड बघा, ते म्हणाले. चांगल्या कारखान्यात कापलेली कड घासून, रंगवून बंद करत. घाईच्या काळात नुसती कापून सोडत.

क्र. ७ वर त्यांनी बोट ठेवलं. खिशाच्या उजव्या कडेला चार-पाच टाके वेगळे आहेत: तिरके, दोन सुयांनी हाताने घातलेले, आरीने भोकं पाडून. "हे माझ्यासारख्याच कुणीतरी केलंय," म्हणाले. जर्मन सैन्य शेवटपर्यंत घोड्यांवर चालत होतं, लाखो घोडे. त्यामुळे तुकड्यांबरोबर खोगीरकार असतच. क्र. ७ च्या रकान्यात लिहिलं: वापरात दुरुस्त, तुकडीतली दुरुस्ती शक्य. माझ्या लेखी त्याची किंमत वाढली. दुकानदाराने मात्र "दोष" म्हणून कमी पैसे घेतले होते.

१७ फेब्रुवारी

अतिनील किरणांची बॅटरी. रात्री दिवे बंद करून सगळी रांग तपासली. आजच्या पांढऱ्या दोऱ्यांत आणि धुलाईच्या पावडरींत चकाकी आणणारी रसायनं असतात, ती या प्रकाशात निळी पेटतात. त्यांचा सर्रास वापर युद्धानंतरचा. क्र. ११ चा दोरा पेटला, बाकीचे विझलेलेच राहिले.

याचा अर्थ क्र. ११ नकली असा लगेच होत नाही. दोरा बदललेला असू शकतो, किंवा मधल्या कुणा मालकाने फ्रॉग साबणाने घासला असेल. उलट न पेटणारा दोराही पुरावा नाही, कारण साधा तागाचा दोरा आजही बाजारात मिळतो. ही चाचणी फक्त प्रश्न उभा करते.

२ मार्च

दोन घडणी. एक साधी: पट्ट्याची घडी आणि म्यानाचा खिसा, बस. दुसऱ्या घडणीत मुठीभोवती आवळायची आडवी पट्टी असते. दुसरी मुळात घोडेस्वारांसाठी, कारण घोडा दुडकू लागला की संगीन म्यानातून उसळते. पुढे ट्रक आणि मोटरसायकली आल्या, तिथेही उसळणं तेच. युद्ध जसं पुढे गेलं तशी पट्टीवाली घडण पायदळाकडेही सर्रास दिसते. त्यामुळे पट्टी दिसली की "घोडदळाचा" म्हणून जास्त पैसे मागणाऱ्यांना मी आता नम्रपणे हसतो.

जोडीला आणखी एक गोष्ट तपासायची असते. सैनिकाच्या डाव्या कमरेला छोट्या फावड्याचं चामडी घर असे आणि संगीन त्याच्याच बरोबर टांगलेली, फावड्याचा पट्टा म्यानाला आवळून. म्हणून वापरलेल्या फ्रॉगवर आडवी घासलेली खूण सापडते. क्र. ३, ६ आणि ७ वर ती आहे. कपाटात बनलेल्या वस्तूवर ती खूण नसते, आणि मुद्दाम करायला गेलं तर ती चुकीच्या उंचीवर येते.

९ मार्च

आज पहिल्यांदा पाठी उलटल्या. आधी लिहून ठेवलेलं साल समोर ठेवून.

शिक्क्यांची तऱ्हा काळाप्रमाणे बदलते, आणि ती नीट लावली की चित्र स्पष्ट होतं. तिशीच्या दशकात कारखानदार पूर्ण नाव, गाव आणि साल मारत. पुढे शत्रूला कारखाना कुठे आहे हे कळू नये म्हणून नावाच्या जागी तीन अक्षरांचे संकेत आले. चामडी मालावर ते साधारण १९४१ पासून दिसतात. त्यापुढे, युद्धाच्या उत्तरार्धात, राइखच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन राज्याच्या, कारखाना-नोंदणीचे लांबलचक आकडे: आधी शून्य, तिरकी रेघ, चार आकडे, तिरकी रेघ, चार आकडे. अक्षरं दिसली तर मधला काळ, आकडे दिसले तर शेवटचा. शेजारी शस्त्रखात्याच्या तपासणीचा छोटा गरुड असेल किंवा नसेलही.

माझ्या रांगेत निघालेले: जेएचजी म्हणजे गेन्शोव्ह, हाखेनबुर्गचा कारखाना. सीएक्सबी म्हणजे गोखमधला मोल. बीएमएल म्हणजे नोय-उल्मचा हान्स र्‍योमर. जीएमओ म्हणजे कायझर्सलाउटर्नचे राम आणि काम्पमान. यातले बरेच पिस्तुलांच्या चामडी घरांसाठी जास्त प्रसिद्ध आहेत, फ्रॉग त्यांच्या लेखी किरकोळ माल असावा. क्र. १ वर पूर्ण नाव आणि १९३८, अक्षरं इतकी झिजलेली की कागद ठेवून पेन्सिलने घासून उठवावी लागली.

मी चामड्यावरून लिहिलेलं साल आणि शिक्क्याचं साल बहुतेक ठिकाणी जुळलं, एखाद-दोन वर्षांचा फरक धरून. जुळलं नाही ते क्र. ११ आणि क्र. १२ मध्ये. त्यांची चौकशी वेगळी.

फोटोंसाठी सूचना स्वतःलाच: गरुडाच्या पायात स्वस्तिक असेल तर तो भाग झाकायचा. इथल्या दंडसंहितेच्या ८६अ कलमाखाली ते चिन्ह जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे. इतिहास, शिक्षण, संशोधन यांना मुभा आहे, पण माझी वही म्हणजे संशोधन हे न्यायाधीशाला पटवत बसायची मला हौस नाही.

१६ मार्च

क्र. १२. शिक्का ठसठशीत, १९४१. तपासणीच्या क्रमात त्याआधी येणारं सगळं चुकीचं. कापलेली कड आत निळसर-करडी आहे. म्हणजे चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. जर्मन पट्टे आणि फ्रॉग यांचं चामडं झाडाच्या सालींनी किंवा त्यांच्या अर्कांनी कमावलेलं असे, त्याची कड आरपार तपकिरी. दोरा नायलॉनचा. काळा रंग चामड्यात मुरलेला नाही, वर फासलेला.

आणि वास. तो वास मला ओळखीचा निघाला. युद्धाची नाट्यरूपं करणाऱ्या हौशी मंडळींसाठी लागणारी जर्मन चामडी सामग्री आज मोठ्या प्रमाणात भारतात बनते, त्यात कानपूर आघाडीवर. त्यात काही गैर नाही. युरोप-अमेरिकेतले नाट्यरूपवाले खऱ्या वस्तू चिखलात घालत नाहीत, ते बरंच आहे. गैर तेव्हा होतं जेव्हा मधला कुणी ती वस्तू चहाच्या पाण्यात बुडवतो, उन्हात तडकवतो आणि "आजोबांच्या पोटमाळ्यातून" म्हणून विकतो. क्र. १२ माझ्याकडे असाच आला, नाव लिहीत नाही.

कानपूरचा एक वेगळा योग मात्र नोंदवावासा वाटतो. त्याच शहरातल्या सरकारी खोगीर कारखान्याने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय सैन्याला चामडी साज पुरवला, म्हणजे आफ्रिकेत आणि इटलीत जर्मनांसमोर उभ्या राहिलेल्या सैन्याला. आज तिथले कारागीर जर्मनांचे पट्टे शिवतात, ऑर्डर बघून, आणि चांगले शिवतात.

क्र. १२ टाकून देणार नाही. तुलनेसाठी नकली माल हाताशी हवाच. मागे पक्क्या शाईने "नक्कल" लिहिलं, म्हणजे माझ्यानंतर तो पुन्हा पोटमाळ्यात जायला नको.

२० एप्रिल, म्युल्हाइम

रूर नदीकाठच्या म्युल्हाइमला चामड्याचं आणि चामडं कमावणाऱ्यांचं संग्रहालय आहे, एका जुन्या चामडं कारखान्याच्या इमारतीत. फ्रॉग बघायला गेलो नव्हतो, चामडं समजून घ्यायला गेलो होतो.

खड्ड्यातलं कमावणं म्हणजे कातडं आणि ओकच्या सालीचा भुगा एकावर एक रचून पाणी भरायचं आणि थांबायचं. जाड तळव्याच्या चामड्याला वर्ष आणि त्याहूनही जास्त. लढणाऱ्या देशाला इतका दम नसतो. म्हणून आयात अर्क वापरले जात, त्यात सगळ्यात महत्त्वाचा क्वेब्राचो, दक्षिण अमेरिकेतल्या एका कठीण लाकडाचा, अर्जेंटिना आणि पॅराग्वेहून येणारा. १९३९ मध्ये समुद्री नाकेबंदी झाली आणि तो रस्ता बंद झाला. मग राहिलं घरचं: ओक, स्प्रूस, चेस्टनट, आणि रसायनशाळेतले कृत्रिम अर्क. त्यातला पहिला, नेराडोल, एडमुंड श्टियास्नीने १९११ मध्येच शोधला होता. युद्धाच्या शेवटच्या वर्षांतलं चामडं पातळ, कोरडं, कडेला सुटणारं का असतं ते या यादीत दिसतं.

आयात अर्कांमध्ये एक नाव वाचून थबकलो: हिरडा. सह्याद्रीतला, आपला, मुंबई इलाख्यातून युरोपभर चामडं कमावायला जायचा. माझा मामा कोल्हापूरचा. त्याच्या गल्लीत बाभळीची साल आणि हिरडा घालून चपलांचं चामडं कमावणारी घरं होती. संध्याकाळी मामाला फोन केला. "हिरड्याच्या चामड्याला हिराकस लावलं की काळं पडतं का रे मामा?" तो म्हणाला, "पडतं म्हणजे? शाईच होते ती. पण तुला जर्मनीत हिराकस कशाला हवंय?"

त्याच तत्त्वावरची चाचणी आहे. लोखंडाच्या क्षाराचा पातळ थेंब आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर ठेवायचा. झाडाच्या अर्काने कमावलेलं चामडं निळं-काळं होतं, क्रोमियमचं होत नाही. काळ्या रंगवलेल्या चामड्यावर ती वाचता येत नाही. तपकिरी कड उघडी हवी, आणि डाग कायमचा पडतो. क्र. ११ ला केली, टाचणीच्या टोकाएवढी. काळी पडली. म्हणजे चामडं बरोबर, दोरा नंतरचा. क्र. ११ मूळ फ्रॉग, पुन्हा शिवलेला. क्रमांकापुढचं प्रश्नचिन्ह खोडलं.

११ मे

तपकिरी फ्रॉगचं काय करायचं? दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी. वायुदलाकडे तपकिरी चामडं होतं. आणि युद्धाच्या शेवटी काळा रंग न लावता सोडलेला तपकिरी मालही होता. पहिल्यात चामडं जाड, कड घासलेली, ॲल्युमिनियमची शक्यता. दुसऱ्यात चामडं पातळ, कड उघडी, पोलाद, पाठीवर आकड्यांचा शिक्का. क्र. ८ पहिल्यातला, क्र. १३ दुसऱ्यातला. रंगावरून दोघे सख्खे भाऊ, हातात घेतले की तसं वाटत नाही.

८ जून, ओरानिएनबुर्ग

क्र. १४ चामड्याचा नाहीच. प्रेस्टॉफ, म्हणजे लगद्याचे तंतू दाबून केलेला, चामड्यासारखे दाणे उठवलेला पर्यायी माल. घडीच्या रेषेवर तो कागदासारखा सोलवटतो. संग्राहकांत याला मान आहे, कारण टिकलेले कमी. जूनमध्ये बर्लिनला कामासाठी जायचं होतं, तेव्हा एक दिवस काढून साक्सेनहाउझेनच्या छळछावणीच्या स्मारकाला गेलो. कारण फ्रॉगचंच.

तिथल्या हजेरीच्या मैदानाभोवती एक वाट होती, बूट तपासण्याची वाट. १९४० पासून कैद्यांना तिच्यावर चालवलं जाई, तळव्यांसाठी चामड्याला पर्याय म्हणून येणारे नवे माल किती किलोमीटर टिकतात ते पाहायला. वाटेचे तुकडे वेगवेगळे: काँक्रीट, खडी, वाळू, चिखल. एका फेरीत सगळे. दिवसाला ४० किलोमीटरपर्यंत, कित्येकदा पाठीवर ओझं, कित्येकदा मापाचे नसलेले बूट. कोलमडलेल्यांना मारहाण, त्यातून मृत्यू. तपासणीचे निकाल कारखान्यांना जात. वाटेचा काही भाग आज तिथे पुन्हा दाखवलेला आहे. त्यावरून चाललो नाही.

माझा प्रेस्टॉफचा फ्रॉग त्या वाटेवर तपासलेला नाही, तिथे तळवे तपासत. पण दोन्ही एकाच टंचाईतून आले. "पर्यायी माल, युद्धकालीन, दुर्मिळ" एवढं लिहून पुढचा क्रमांक घ्यायचा ही या छंदाची सवय मला यापुढे जमणार नाही. यादीत क्र. १४ च्या रकान्याखाली वाटेबद्दल चार ओळी घातल्या. यादी बघणाऱ्याने त्या वाचाव्यात.

२९ जून

कापडी फ्रॉग, क्र. १५. जाड विणलेल्या पट्टीचा, उतरलेल्या हिरवट रंगाचा, मुठीची पट्टीही कापडी. हा आफ्रिका कोरसाठी, म्हणजे उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या जर्मन सैन्यासाठी, केलेल्या उष्ण प्रदेशातल्या सामग्रीतला. कोरड्या गरम हवेत चामडं तडकतं, म्हणून कापड. लोक याला लगेच त्या सैन्याच्या सेनापतीवरून "रोमेलचा" म्हणतात. हीच सामग्री पुढे इटलीत आणि दक्षिण युरोपातही वाटली गेली, तेव्हा वाळवंटाचा हट्ट सोडावा.

मराठी माणसाने या वस्तूकडे बघताना दुसरी बाजूही आठवावी. लिबियातलं टोब्रुक बंदर २१ जून १९४२ ला जर्मनांच्या हाती पडलं तेव्हा आत अडकलेल्या अकराव्या भारतीय ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. इटलीत, १० जुलै १९४४ ला, टायबर नदीच्या खोऱ्यात त्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोरच्या बाजूच्या सैनिकांच्या कमरेला असेच फ्रॉग होते. जर्मन सामग्रीच्या गोष्टी बहुतेक जर्मन, इंग्रज आणि अमेरिकन माणसांच्याच सांगितल्या जातात, म्हणून एवढं लिहिलं.

१७ ऑगस्ट

युद्धानंतरचा माल वेगळा काढला. नॉर्वेला हाती आलेल्या जर्मन रायफली तिथे बरीच वर्षं वापरात राहिल्या. युगोस्लाव्हियाने क्रागुयेव्हाट्सला एम ४८ ही जवळपास तीच रायफल नव्याने बनवली आणि तिच्या संगिनीसाठी तपकिरी चामड्याचे फ्रॉग. ते लांबून जर्मनच वाटतात. जवळून चामडं जास्त चांगलं, जास्त जाड आणि जास्त निवांतपणे शिवलेलं. शांततेच्या काळात शिवलं की असं होतं. माझे दोन त्यातले निघाले. त्यांना जर्मन म्हणून विकणारा कदाचित खरंच फसलेला असेल.

७ सप्टेंबर

जतन. तांब्याच्या रिव्हेटांभोवतीचा हिरवा थर म्हणजे चामड्यातल्या तेला-चरबीची आम्लं आणि तांबं यांची साय. लाकडी काडीने उचलायची, घासायची नाही. आणि पुन्हा तेल लावायचं नाही, कारण त्यानेच ती परत येते. "जुन्या चामड्याला तेल पाजा" हा सल्ला मी आजवर सगळ्यांकडून ऐकला, माइस्टर सोडून. ते म्हणतात, वापरात असलेल्या खोगिराला तेल, कपाटातल्याला हवा.

क्र. ४ ला लाल भुकटी सुटते आहे. झाडाच्या अर्काने कमावलेल्या चामड्यात हवेतल्या गंधकाच्या वायूंपासून आम्ल होऊन साठलं की असं होतं, आणि मागे फिरवता येत नाही. आम्लरहित कागदात गुंडाळला, वेगळा ठेवला, हाताळणी बंद. बाकीच्यांना आत कागदाचा मऊ गोळा, खिसा चपटा होऊ नये म्हणून. कुठल्याच फ्रॉगमध्ये म्यान ठेवायचं नाही. दोघांनाही एकमेकांचा गंज लागतो.

५ ऑक्टोबर

बाजारात एक फ्रॉग दाखवला गेला, पाठीवर एसएस या नाझी संघटनेच्या खुणेचा शिक्का, किंमत साध्याच्या कितीतरी पट. हातात घेतला. चामडं खरं, टाके खरे, ॲल्युमिनियम खरं, झीज योग्य उंचीवर. शिक्का नवा. खरा शिक्का चामडं कारखान्यात असताना, ओलसर असताना दाबलेला असतो. दाणे त्यात दाबून गुळगुळीत होतात आणि पुढची सगळी झीज त्याच्यावरूनही तशीच जाते. वाळून कडक झालेल्या चामड्यावर आज ठसा मारला की अक्षराच्या कडेला पृष्ठभाग बारीक तडकतो आणि त्या तडेत न झिजलेलं, मळ नसलेलं तपकिरी दिसतं. भिंगाने दोन मिनिटांत कळतं. एक चांगला, प्रामाणिक फ्रॉग पैशासाठी नासवला होता. परत दिला. त्या खुणा खऱ्या असत्या तरी घेतला नसता, त्या संघटनेची वस्तू घरात आणायची नाही असं माझं आधीपासून आहे.

२३ नोव्हेंबर

यादीचा अंतिम क्रम ठरला. बहुतेक जण संकेताक्षरांप्रमाणे लावतात, वर्णानुक्रमे. मी मालाप्रमाणे लावली: घासलेल्या कडेचं जाड चामडं आणि ॲल्युमिनियम, जाड चामडं आणि पोलाद, पातळ चामडं आणि उघडी कड, प्रेस्टॉफ, कापड, शेवटी युद्धोत्तर आणि क्र. १२. शिक्का प्रत्येक पानाच्या तळाशी, सगळ्यात लहान अक्षरांत.

माइस्टरांना छापील प्रत दिली. त्यांनी क्र. ७ चं पान उघडून दुरुस्तीच्या टाक्यांचा फोटो बघितला आणि विचारलं की तो फोटो मोठा करून देता येईल का, त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीला दाखवायचा आहे. सोमवारी छापून देतो म्हटलं. क्र. १३ चा लांब आकडा अजून नीट वाचता आलेला नाही, तिसरा आणि सहावा अंक झिजलेत. पुढच्या आठवड्यात तिरप्या प्रकाशात पुन्हा फोटो.